मुंगीच्या मैत्रिणीचा डबा

सोमवार, ४ तारीख

ताई फोनवर म्हणाली, "कुणाशी तरी मन मोकळं करत जा रे. ते जमत नसेल तर निदान लिहीत तरी जा." मन मोकळं करायला समोर माणूस लागतं, म्हणून ही वही. जेवणाच्या सुट्टीत लिहायचं ठरवलंय. घरी मुंगी असते आणि तिला वाचता येतं, नको तितकं.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवतात, मी त्यावर आधी मेणात आणि मग पक्के दात बसवतो. रोज कुणाचं ना कुणाचं हसू माझ्या हातून तयार होऊन जातं आणि त्यातलं एकही मला बघायला मिळत नाही. माझी तक्रार नाही. लोकांची तोंडं बघावी लागत नाहीत, हा या धंद्याचा मोठा फायदा आहे.

आज मुंगीच्या शाळेतून बोलावणं आलं. वर्गबाई फार गोड बोलायला लागल्या. हुशार आहे, अक्षर सुंदर, त्रास म्हणून नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे. मग त्यांनी विचारलं, "मधल्या सुट्टीत ती डबा कुठे खाते, माहीत आहे तुम्हाला?"

"वर्गात," मी म्हटलं.

"बाथरूममध्ये. शेवटच्या दाराआड, कडी लावून. आमच्या सफाईवाल्या मावशींच्या लक्षात आलं. तिला वर्गात मैत्रीण नाही हो एकही."

मुंगी दहा वर्षांची आहे. तिची आई गेल्यावर जुन्या घरात राहवेना, म्हणून मी इथली नोकरी धरली. त्याला आता सहा-सात महिने झाले. मुलांचं काय, चार दिवसांत रुळतात, असं मी सगळ्यांना सांगत आलो. सगळ्यांना म्हणजे ताईला.

कडी लावून. हे दोन शब्द सकाळपासून डोक्यातून जात नाहीत. एका साच्यावर वरचे दात खाली बसवले आणि सगळं पुन्हा वितळवावं लागलं.

बुधवार, ६

मुंगीला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खोटं सांगितलं असतं, आणि ते खोटं मला खरं मानावं लागलं असतं.

तिला घेऊन वाचनालयात गेलो. ती गोष्टींच्या कपाटाकडे वळल्यावर ग्रंथपाल बाईंना हळूच विचारलं, "मुलींनी मैत्रिणी कशा कराव्यात, यावर काही पुस्तक आहे का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं हसतील, पण हसल्या नाहीत. एक पातळ गुलाबी पुस्तक काढून दिलं: 'मैत्रीण हवी? मुलींसाठी सोपे धडे'. शिवाय 'निळ्या फाटकाच्या मुली' नावाच्या गोष्टींचे पहिले तीन भाग. चौथा-पाचवा बाहेर गेलेत म्हणाल्या. "मुली तुटून पडतात यावर. सगळं मैत्रीचंच आहे. भांडणं, कट्टी-बट्टी, रुसवेफुगवे."

गुलाबी पुस्तक आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, प्लास्टरच्या पिशवीखाली. मुखपृष्ठावर एकमेकींच्या खांद्यावर हात टाकलेल्या चार मुली आहेत. चौघींचेही दात इतके एकसारखे की मी केले असते तर डॉक्टरांनी परत पाठवले असते.

बाहेर लॅबमधले सगळे जेवतायत. पॉलिशवाला आत्ताच दारातून ओरडून गेला, "अहो, या की बाहेर! आत काय अंडी उबवताय?" मी हात वर केला, काम आहे म्हणून. हा माणूस रोज विचारतो. इतकी चिकाटी कामात दाखवली असती तर त्याच्या कवळ्यांवर ओरखडे राहिले नसते.

शनिवार, ९

पहिला धडा: आधी आपण हसावं.

मुंगीला आरशासमोर उभी केली आणि हसायला लावलं. ती हसली. मी म्हटलं, असं नाही, डोळ्यांतून. तिने डोळे मोठे केले. मी म्हटलं, अगं घाबरल्यासारखी दिसतेस. मग ती म्हणाली, "बाबा, तू करून दाखव." मी करून दाखवलं. आम्ही दोघं आरशात बघत राहिलो. तिने विचारलं, "तू कुणाकडे बघून हसतोस असं?"

वेळ झाली होती, म्हणून तिथेच थांबवलं.

गुरुवार, १४

दुसरा धडा होता, समोरच्या मुलीला तिच्याबद्दल प्रश्न विचारा. मुंगीला पाच प्रश्न पाठ करून पाठवलं. तिने ते एकाच मुलीला एकापाठोपाठ विचारले. ती मुलगी म्हणाली, "तू पोलीस आहेस का?" आता वर्गात तिला 'पोलीस' म्हणतात.

हे मुंगीने स्वतः सांगितलं, अगदी बातमी वाचून दाखवावी तसं. मला इतका संताप आला! त्या मुलीचा, पुस्तकाचा, पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचा. या बाईंना आयुष्यात कुणी टाळलेलं नसणार. प्रत्येक धड्याच्या शेवटी लिहितात, 'बघा, किती सोपं!' एकदा समोर येऊन दाखवा म्हणावं.

'निळ्या फाटका'चे तीनही भाग मी संपवले. खोटं कशाला सांगू, गुंतलो. त्यातली बुटकी, चिडकी मुलगी रुसून झाडावर बसते आणि बाकीच्या तिघी खाली बसून तिची वाट बघतात, तिथे तर माझे डोळे भरून आले. अशा तिघी कुठे मिळतात, ते मात्र कुठल्याच भागात लिहिलेलं नाही. त्यांच्या गोष्टीत सगळ्या आधीच मैत्रिणी असतात.

शनिवार, १६

उद्या पार्टी. निमित्त काहीच नाही. पुस्तकात लिहिलंय, 'निमित्त नसलेली पार्टी सगळ्यात मजेची.' मी आठ कार्डं केली, मेणाच्या रंगांनी निळी फाटकं रंगवली आणि मुंगीने मंगळवारीच ती शाळेत नेली. विचारलं, "वाटलीस का?" म्हणाली, "हो." "काय म्हणाल्या?" "काही नाही." नाही म्हणाल्या नाहीत, म्हणजे येतील.

केक मी स्वतः केला. मधे थोडा बसलाय, पण वरून क्रीम लावल्यावर कळत नाही. जमीन पुसली, खुर्च्या शेजारच्या काकूंकडून आणल्या. त्यांनी विचारलं कोण येतंय, तर मी इतक्या जोरात "मुंगीच्या मैत्रिणी!" म्हणालो की त्या दचकल्या.

सोमवार, १८

कुणी आलं नाही.

चार वाजता, पाच वाजता, सहा वाजता. मी गॅलरीत जाऊन येत होतो. दोनदा जिना उतरून खालचं दार उघडं आहे का बघून आलो. मुंगी नवीन फ्रॉक घालून खुर्चीत बसली होती. तिने एकदाही दाराकडे पाहिलं नाही. शेवटी म्हणाली, "बाबा, केक कापू या? छान झालाय वाटतं." दोन तुकडे खाल्ले आणि आठही खुर्च्या परत द्यायला मला मदत केली. मुलांना आपल्याइतकं लागत नाही, हे एक बरं असतं. मला मात्र झोप लागली नाही.

पुढचं आता घरी लिहितोय, रात्री, मुंगी झोपल्यावर. आज लवकर निघून शाळेच्या फाटकाशी गेलो. त्या 'पोलीस' म्हणणाऱ्या मुलीची आई गॉगल लावून उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "यायचं नसेल तर नका येऊ, पण लहान मुलीला निदान निरोप तरी द्यायचा! आठ जणींपैकी एकीच्याही घरात इतकी रीत नाही?"

बाईंनी गॉगल काढला. "कसली पार्टी? आम्हाला कुणी बोलावलंच नाही." आणि मुलीकडे वळून, "तुला दिलं होतं का गं काही?" मुलगी म्हणाली, "नाही. ती बोलतच नाही कुणाशी." आजूबाजूला सात-आठ आया थांबल्या होत्या. कुणीतरी फिसकन हसलं. मागे वळलो तर दप्तर छातीशी धरून मुंगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

तिला घेऊन घरी आलो. दार लावल्यावर मी विचारलं, "का नाही वाटलीस?"

"बोलावल्यावर आल्या नसत्या. त्यापेक्षा हे बरं."

"अगं, पण मी खुर्च्या मांडत होतो! सबंध दिवस! आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू किती खूश होतास."

त्यावर मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिणार नाही. 'मूर्ख' हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता. ती आत गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली आणि तिथेच रडलो, चांगला हुंदके देऊन. नळ पूर्ण सोडला होता, त्यामुळे तिला ऐकू गेलं नसणार.

शुक्रवार, २२

तीन दिवस अबोला. बोलते ती हो, नाही आणि झालं, एवढंच. सकाळी डबा भरतो. हे अंडं, हा ब्रेड, ही काकडी कुठे खाल्ली जाणार आहे, ते मला माहीत असतं. वर्गबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जबरदस्ती केली तर आणखी मिटून जाईल. बघू थोडे दिवस." बघू म्हणजे काय बघू? मी बघतोच आहे, दुसरं काय करतोय!

ताईला फोन केला. ती म्हणाली, "तू स्वतः लहानपणी काय वेगळा होतास? आईच्या पदराआडून बाहेर यायचा नाहीस." मी फोन ठेवून दिला. हिला काही सांगायला जावं तर विषय भलतीकडेच नेते.

गुलाबी पुस्तक परत करून टाकलं.

बुधवार, २७

मुंगीला मैत्रीण मिळाली!!

काल संध्याकाळी मी कपडे घडी करत होतो. ती येऊन शेजारी बसली आणि आपणहून म्हणाली, "बाबा, मला एक मैत्रीण मिळालीय." मी घडी करतच राहिलो, कारण मान वर केली असती तर चेहरा आवरला नसता. नाव? सगळ्या तिला 'उडी' म्हणतात, कारण ती सारखी दोरीवरच्या उड्या मारते, जिना उतरतानासुद्धा. दुसऱ्या तुकडीत आहे. छत्र्या दुरुस्त करायच्या दुकानावर राहते. तिच्याकडे तीन पायांचा कुत्रा आहे आणि तो चार पायांच्या कुत्र्यांपेक्षा जोरात पळतो.

"आणि डबा?" मी विचारलं. हातातली घडी विस्कटली.

"आम्ही झाडाखाली बसून खातो. पण तिचा डबा लहानसाच असतो."

जीव भांड्यात पडला. आज दोन डबे दिले. दुसरा खास उडीचा: दोन अंडी, लोणी लावलेला ब्रेड, उकडलेले बटाटे, सफरचंदाच्या फोडी. पॉलिशवाला दारात आला तेव्हा मी त्याला सांगितलंसुद्धा, "मुलीला मैत्रीण मिळाली." तो म्हणाला, "अरे वा! मग आज तरी या बाहेर, तोंड गोड करू." मी म्हटलं, उद्या.

सोमवार, २

दोन्ही डबे रोज चाटूनपुसून येतात. अन्न टाकायचं नाही, हा आमच्या घरातला एकच कायदा शिल्लक आहे. बाकीचे तिच्या आईबरोबर गेले. मी विचारतो, "उडीला आवडलं?" मुंगी सांगते, बटाटे फार आवडले. दुसऱ्या दिवशी मी बटाटे वाढवतो. आता रोज संध्याकाळी उडीच्या गोष्टी. तिने गच्चीवरून पतंग कसा काढला, कुत्रा दूधवाल्याच्या सायकलवर कसा बसला. सांगताना मुंगीचे डोळे चमकतात. हेच ते डोळ्यांतून हसणं! आरसा लागत नाही त्याला.

रात्री मात्र जेवत नाही हल्ली. दोन घास खाते की झालं. माणूस आनंदात असला की भूक मरते.

मंगळवार, १०

उडीला घरी बोलाव म्हणून मागे लागलोय. तिला शनिवारी क्लास असतो, रविवारी आजीकडे जायचं असतं. तिच्या आईवडिलांनी फारच गुंतवून ठेवलंय बिचारीला. तिच्यासाठी लाल मुठींची दोरी आणली आणि मुंगीजवळ दिली. मुंगी ती किती वेळ हातात धरून बसली होती. म्हणाली, "कशाला आणलीस बाबा?" मी म्हटलं, "अगं, तुझी मैत्रीण ती माझीपण कुणीतरी झालीच की."

मुंगीचं पोट दुखतंय रोज संध्याकाळी. काल उलटी झाली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "काय गं, खा-खा करतेस का?" मी म्हटलं, "छे हो, रात्रीचं तर काहीच खात नाही." त्यांनी औषध दिलं. वाढीचं वय आहे, होतं असं.

शनिवार, १४



वाचनालयात गेलो होतो, एकटाच. 'निळ्या फाटका'चा चौथा भाग मागितला. माझ्यासाठीच मागितला, लपवून काय उपयोग. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "चौथा बाहेर आहे. आणि पाचवा तर तुमच्याच घरी आहे की. मुंगी तिसऱ्यांदा मुदत वाढवून घेऊन गेली." मी म्हटलं, घरी तर दिसला नाही. "दप्तरात असेल. खाकी कव्हर घातलंय तिने. याची दुसरी प्रत कालच बांधणीहून आलीय, हवी तर बसून चाळा इथे."

बाकावर बसून उघडलं. पहिल्याच पानावर एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारत जिना उतरते. छत्र्यांच्या दुकानावर राहते. तिच्या कुत्र्याला तीन पाय आहेत.

पुढची पानं मी वाचली की नुसती उलटली, सांगता येणार नाही. पतंग होता. दूधवाल्याची सायकल होती. सगळं जिथल्या तिथे होतं. मला आधी राग आला, तोही कुणाचा ते कळेना. मग लाल मुठींची दोरी आठवली. आणि मग एकदम डबा आठवला.

दुसरा डबा कोण खात होतं?

दोन अंडी, ब्रेड, बटाटे. मी वाढवत गेलो ते बटाटे. टाकायचं नाही, आणि रिकामा तर न्यायलाच हवा, नाहीतर बाबाला कळेल. म्हणजे माझी पोर त्या शेवटच्या दाराआड कडी लावून, एकटी, दोन माणसांचं जेवण कोंबत होती. रोज. आणि घरी येऊन मला सांगत होती, उडीला बटाटे फार आवडले.

ग्रंथपाल बाईंनी पाणी आणून दिलं. काही विचारलं नाही, तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

सोमवार, १६

काय करू? सांगितलं की मला कळलंय, तर तिला तोंड लपवायला जागा राहणार नाही. त्या फाटकावर मी एकदा तिची शोभा केलीच आहे. नाही सांगितलं तर ती उद्याही खाईल. एकच डबा दिला तर विचारेल का, आणि मी काय उत्तर देऊ? मला खोटं बोलायची तिच्याइतकी सवय नाही. ही तिला तरी कशी लागली, तर मला रडायला येऊ नये म्हणून. नळाच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणे! किती मूर्ख माणूस आहे मी.

आज दुसऱ्या डब्यात एक सफरचंदाची फोड आणि ब्रेडचा अर्धा तुकडा ठेवला. म्हटलं, "उडीला सांग, बाबांना आज वेळ झाला नाही." मुंगीने झाकण उघडून पाहिलं. तिचे खांदे थोडे खाली आले. ओझं उतरवल्यावर येतात तसे.

बुधवार, १८

तिला बाहेर पडायला एक दार करून द्यायला हवं, असं काल सुचलं. मुंगी गृहपाठ करत होती. मी साच्यावर मेण लावायचं निमित्त करून बसलो आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, उडीच्या वडिलांचं काम फिरतीचं आहे का?"

तिची पेन्सिल थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी मेणावरून मान वर केली नाही.

"हो," ती म्हणाली. "फिरतीचंच आहे."

"मग कधी बदलीही होत असेल."

"होते ना."

एवढंच. मग तिने गृहपाठ पुरा केला आणि रात्री नीट जेवली. कितीतरी दिवसांनी पानातलं सगळं संपवलं. तिला काही कळलं असेल असं वाटत नाही.

सोमवार, २३

काल मुंगीने सांगितलं, उडी गेली.

तिच्या वडिलांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये भरलं, कुत्रा पुढे ड्रायव्हरजवळ बसला, आणि उडी मागच्या बाजूला उभी राहून वळणापर्यंत हात हलवत होती. यातलं काहीच पुस्तकात नाही. पुस्तकात उडी शेवटपर्यंत तिथेच राहते. हे सगळं मुंगीने स्वतः रचलं.

मी विचारलं, "जाताना भेटलीस तिला?"

"हो. ती म्हणाली, बाबांना सांग, डबा छान असायचा." थोडं थांबून म्हणाली, "पण थोडा जास्त व्हायचा."

आणि मग ती रडली. मला वाटलं होतं, हे सगळं उरकायचं म्हणून ती सांगतेय. पण ती खरंच रडत होती, धाय मोकलून, नाक वाहत होतं, बोलता येत नव्हतं. जन्मालाच न आलेल्या त्या मैत्रिणीसाठी. मी तिला जवळ घेतलं आणि मलाही आवरेना. नळ वगैरे सोडला नाही. आम्ही दोघं पलंगाच्या कडेला बसून उडीसाठी रडलो. मला ती पोरगी खरंच आवडायची.

मग तोंड पुसून मी विचारलं, "आता डबा कुणाबरोबर खाशील?"

"कुणाबरोबर नाही."

मी तिचं नाक पुसलं. तिनेच विचारलं, "तू कुणाबरोबर खातोस बाबा, लॅबमध्ये?"

"कुणाबरोबर नाही. दार लावून घेतो, थोडं लिहितो."

तिने मान डोलावली. "मग ठीक आहे ना," ती म्हणाली.

ती मला धीर देत होती. बाबाचं असंच असतं, म्हणजे माणसांचं असंच असतं, म्हणजे ठीक आहे. आत्ता समोर माझा डबा आहे, दार लावलेलं आहे, बाहेर सगळे जेवतायत आणि पॉलिशवाला कुणाची तरी नक्कल करतोय. हे ठीक नाही. हे अजिबात ठीक नाही. घास तोंडात फिरतोय नुसता.

मंगळवार, २४

आज सुट्टीत लिहिता आलं नाही. घरी लिहितोय, मुंगी समोर गणितं सोडवतेय.

दुपारी डबा उचलला, दार उघडलं आणि बाहेरच्या टेबलापर्यंत गेलो. चार जण होते. इतक्या वर्षांचा बाप्या मी, दातांच्या बाबतीत डॉक्टरांशी हुज्जत घालतो, आणि तिथे 'बसू का?' एवढं म्हणायला डबा दोनदा या हातातून त्या हातात घ्यावा लागला. सगळे बघायला लागले. पॉलिशवाला म्हणाला, "आज सूर्य कुठून उगवला?" बाकीचे हसले. मला वाटलं परत फिरावं. मग त्याने बाकावर सरकून जागा केली. मी बसलो. फारसं काही बोललो नाही. माझं अंडं घरंगळून खाली गेलं, ते उचलायला दोघं वाकले आणि त्यांची डोकी आपटली. जेवण नीट गेलं असं म्हणवत नाही.

संध्याकाळी मुंगीला सांगितलं. तिने पेन्सिल खाली ठेवली. खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आधी कोण बोललं? तू का ते?"

"मी. बसू का, म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली. मग विचारलं, "आणि ते नाही म्हणाले असते तर?"

तिला धडा द्यायचा मोह झाला. गुलाबी पुस्तकातलं एखादं वाक्य ओठांवर आलंही होतं. पण ती इतकी निरखून बघत होती की खरंच बोलावं लागलं. "ती भीती होती म्हणूनच तर इतके महिने गेलो नाही गं."

मुंगीने बोटाने टेबलावर एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "माझंपण तेच आहे."